पन्नास जणांचा सरदार

सुटी लागली की पालकांची एक तक्रार ठरलेली असते: "सर, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो." तक्रार खरी असते. पण तो मोबाइलमध्ये नेमकं काय करतो, असं आम्ही उलट विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "गेम खेळतो." कोणता गेम, कोणाबरोबर, त्यात त्याचं काम काय, हे सांगता येत नाही. मुलाच्या वर्गशिक्षकाचं नाव अम्मीला माहीत असतं, गल्लीतल्या दोस्तांची नावं माहीत असतात. पण ज्या टोळीत तो रोज दोन तास काढतो, तिचं नाव घरात कोणालाच ठाऊक नसतं. वाचकहो, या महिन्यात त्या टोळीविषयी बोलू.

या टोळीला फ्री फायर खेळणारी मुलं 'गिल्ड' म्हणतात आणि क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळणारी 'क्लॅन' म्हणतात. पब्जीवर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. तरी त्यांची भावंडं दुसऱ्या नावाने आली आणि मुलं तिकडे गेली. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा खेळ २०१२ पासून चालू आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो अजून भरपूर खेळला जातो, कारण साध्या मोबाइलवर चालतो आणि नेट थोडं कमी असलं तरी निभतं. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो.

या खेळात प्रत्येकाचं एक गाव असतं. सोनं आणि जादूचं अमृत गोळा करायचं, भिंती बांधायच्या, तोफा लावायच्या, जादूगार आणि ड्रॅगन तयार करायचे. उर्दू वाचणाऱ्या घरांना यात नवल वाटायचं कारण नाही. १८८३ पासून लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा' बाहेर पडू लागली, तेव्हा आपले पणजोबा-खापरपणजोबा अशाच जादूच्या मुलखात रमत होते. अमर अय्यारची झोळी, ती जंबील, जिच्यात अख्खी दुनिया मावते, तिच्यात आणि आजच्या खेळातल्या सामानाच्या पोतडीत फारसा फरक नाही. फरक एवढाच की दास्तान ऐकणारा बाहेर बसून ऐकत होता. आजचा मुलगा स्वतः तिलिस्मच्या आत शिरतो, आणि एकटा शिरत नाही.

सरदाराचं काम

एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास जण असतात. एक लीडर, त्याच्या हाताखाली को-लीडर, मग एल्डर आणि बाकी मेंबर. युद्ध लागलं की एक दिवस तयारीचा आणि एक दिवस लढाईचा. प्रत्येकाला दोनच हल्ले मिळतात. ते चोवीस तासांत केले नाहीत तर वाया गेले, आणि नुकसान सगळ्या क्लॅनचं. शिवाय आपल्या सैन्यातली शिपाईगिरी दुसऱ्याला देता येते. ज्याला गरज आहे तो मागतो, ज्याच्याकडे आहे तो देतो. कोण नुसतं मागतो आणि कोण देतो, याचा हिशेब सगळ्यांसमोर दिसत राहतो.

आता लीडरच्या जागी बसून पाहा. कोणाला आत घ्यायचं, युद्धात कोणाला उतरवायचं, कोणी कोणावर हल्ला करायचा, हे ठरवायचं. नवख्याला शिकवायचं. दोघे भांडले तर मिटवायचं. शिवी दिली तर तंबी द्यायची. को-लीडर कोणाला करायचं यावरून रुसवेफुगवे होतात, ते सांभाळायचे. हे सगळं मोफत, आणि ज्यांचे चेहरे पाहिले नाहीत अशा माणसांसाठी. आमच्या वर्गात वाचन घ्यायला उभा राहिला की अडखळणारा मुलगा संध्याकाळी बेचाळीस जणांचा कारभार चालवतो, हे आम्हाला कळलं तेव्हा त्याच्याकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

नववीतल्या या मुलाच्या क्लॅनमध्ये चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, ब्रह्मपुरी, अहेरी अशा ठिकाणची मुलं होती. काही तेलंगणातलीही. मुस्लिम, गोंड, बंगाली, तेलुगू, सगळी एकत्र. आपसात बोलायची भाषा म्हणजे हिंदी, मराठी आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका जुलैत त्यांचं युद्ध दोन ताऱ्यांनी गेलं. भामरागड तालुक्यातल्या एका मेंबरने आपले दोन्ही हल्ले केलेच नव्हते. रात्रीच लीडरने त्याला काढून टाकलं. मुलांच्या भाषेत, किक मारली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत हा विषय आमच्यापर्यंत आला, कारण क्लॅनमधलेच दोघे वर्गात या निर्णयावरून भांडत होते.

"सर, दोन दिवस ऑनलाइन आलाच नाही. ऐसा मेंबर रखके क्या करेंगे?" लीडरचं म्हणणं सरळ होतं.

आम्ही भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा दाखवला. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते, तरी चंद्रपूरच्या मुलाला भामरागड कुठे आहे हे सापडेना. छत्तीसगडच्या सीमेला टेकलेलं ते गाव बोटाने दाखवलं. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम तिथेच आहे. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की भामरागडचा रस्ता तुटतो आणि आसपासच्या कित्येक गावांचा संपर्क जातो. वीज जाते, मग टॉवर जातो. त्या दोन दिवसांत नेमकं तेच झालं होतं. वर्तमानपत्रात बातमी होती. मुलगा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मी विचारलंच नाही त्याला."

विचारल्याशिवाय काढायचं नाही

सरदारकीचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे, आणि तो फक्त खेळापुरता नाही. मशिदीची कमिटी असो, बचत गट असो, शाळेची व्यवस्थापन समिती असो, माणूस कामाला येईनासा झाला की आधी त्याचं नाव कटतं आणि चौकशी नंतर होते. बऱ्याचदा होतही नाही.

नेतृत्व शिकायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं सुमारे पाचशे वस्तीचं गोंड गाव आहे. या गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने चालते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, त्याचं म्हणणं ऐकलं जातं, पुन्हा बसतात. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले साथी यांनी अभ्यासगट चालवले, त्यातून ही रीत पक्की झाली. वाटतं, अशाने काम काय होणार? पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. देशात तो मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवानाही गावाच्या हाती आला. सगळ्यांना घेऊन चालायला वेळ लागतो, पण मग कोणी मागे राहून पाय ओढत नाही.

दुसरा दाखला इतिहासातला. चौदाव्या शतकात इब्न बतूता अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात पोहोचला. अंतालिया शहरात जुनेर कपडे घातलेला एक माणूस आला आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देऊन गेला. एवढा गरीब माणूस आपला पाहुणचार कसा करणार, अशी काळजी बतूताला वाटली. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की हा चांभारकाम करणारा माणूस शहरातल्या कारागिरांच्या जमातीचा 'अखी' आहे आणि सुमारे दोनशे जणांनी त्याला आपला पुढारी निवडलं आहे. हे कारागीर दिवसभर आपला धंदा करत, असरनंतर कमाई आणून अखीकडे देत. त्यातून सगळे मिळून जेवत, आणि मुसाफिर आला तर आधी त्याची सोय होई. गिल्ड म्हणतात ती मुळात हीच चीज. तिथे पुढाऱ्याची मोठेपणाची खूण एकच होती, त्याच्या दारात किती जणांची सोय होते.

हे आम्ही त्या मुलाला तासात सांगितलं. उपदेश म्हणून नव्हे, इतिहासातली गोष्ट म्हणून. पुढचं त्याने स्वतः केलं. भामरागडच्या मुलाला पुन्हा बोलावणं धाडलं. आठ दिवस उत्तर नव्हतं. मग तो परत आला. या खेळात 'मी युद्धात आहे' किंवा 'नाही' असं आधीच सांगायची हिरव्या-लाल खुणेची सोय असते. पावसाळाभर त्याने लाल खूण ठेवली. त्या जागी दुसरा खेळला आणि लढाईत त्याचं ओझं कोणावर पडलं नाही. क्लॅनचा नवा नियम झाला: तीन दिवस वाट पाहायची, एकदा विचारायचं, मगच काढायचं. याची किंमतही पडली. "लीडर ढिला आहे" म्हणत दोन तगडे खेळाडू निघून गेले आणि त्या महिन्यातली बरीच युद्धं क्लॅन हरला. क्लॅन मात्र टिकला.

घराने काय पाहावं

पडद्यापलीकडची दोस्ती खोटी असते, असं सरसकट म्हणू नये. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. आपला मुलगा एकटाच गेमपुढे आयुष्य काढतो, याचं दुःख आईवडिलांना होतं. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली आणि निरनिराळ्या देशांतून पत्रांचा पूर आला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातल्या 'स्टारलाइट' नावाच्या गिल्डमध्ये तो अनेकांचा आधार होता. काहीजण दुसऱ्या देशांतून त्याच्या अंत्यसंस्काराला आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. आईवडिलांना मुलाची ही ओळख तो गेल्यावर झाली, हे वाचून आमच्या मनाला चटका लागला. आपण तरी ती वेळेवर करून घ्यावी.

पण डोळे झाकूनही चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सगळ्या कामांआधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा त्याला आजार म्हणतात. मुलगा रागावला, एखादा पेपर वाईट गेला, म्हणून लगेच तो व्यसनी ठरत नाही. मात्र झोप, जेवण, शाळा आणि घरातलं बोलणं हळूहळू सुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात कमीपणा मानू नका.

पैशाचा भाग वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. क्लॅश ऑफ क्लॅन्ससारखे खेळ त्यात येत नाहीत, पण त्यांतही पैसे देऊन 'जेम्स' विकत घेता येतात. अब्बांच्या मोबाइलचा यूपीआय पिन मुलाला पाठ असेल, तर आधी तो बदला. "तुझं अकाउंट विकत घेतो" म्हणणारा भेटला तर साफ नकार द्यायला शिकवा. ही खरेदी-विक्री कंपनीच्या नियमातही बसत नाही, आणि फसवणूक बहुधा तिथूनच सुरू होते. मुली खेळत असतील तर खरं नाव, फोटो, शाळा आणि मोबाइल नंबर चॅटवर द्यायचा नाही, एवढी एक अट घाला. त्यांचा खेळ बंद करण्यापेक्षा ही अट जास्त कामाची आहे. मुलांनाही तीच अट असावी.

वेळेचं गणित क्लॅनच्या नियमांतच बसवता येतं. युद्धाला पूर्ण चोवीस तास मिळतात, म्हणून मध्यरात्री उठून हल्ला करायची गरज नसते. "तुझे दोन हल्ले मगरिबच्या आधी उरकून टाक" असं सांगितलं तर मुलाला ते पटतं, कारण तुम्हाला त्याचा खेळ कळतो हे त्याला दिसतं. परीक्षेच्या महिन्यात लाल खूण लावायची आणि सरदारकी को-लीडरला द्यायची, हेही तो ऐकेल. कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं हासुद्धा सरदारकीचाच भाग आहे.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा मोबाइल हिसकावून घेण्याआधी एवढं विचारून पाहा: तुझ्या टोळीत किती जण आहेत? कोणत्या गावचे? तुमचा लीडर कोण? शेवटचं कोणाला काढलं, आणि काढण्याआधी त्याला कोणी विचारलं होतं का? पहिल्या दोन प्रश्नांना तो त्रोटक उत्तरं देईल. शेवटच्या प्रश्नावर मात्र तो बोलू लागेल, आणि मग ताट बाजूला पडलं तरी मध्येच थांबवू नका.