सनदेपासून सर्किट बेंचपर्यंत

गरजूला मोफत मिळणारा वकील हा उपकार नव्हे, हक्क आहे. कोल्हापूरचा इतिहास हेच सांगतो.

राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या आणि वकिलीभोवतीच्या जातीच्या कुंपणाला खिंडार पडले. पुढे शुल्काचा अडसर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने हटवला : स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार, कैदी, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील. हा कायदाही अमलात आला तो १९९५ मध्ये. तरी उच्च न्यायालय मुंबईतच. वकील मोफत, प्रवास मात्र पदरमोड करून. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले, तेव्हा तेही अंतर मिटले.

आता उरला आहे अज्ञानाचा अडसर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो.