कुमारवयांतील औदासीन्य आणि व्यायाम

कालपर्यंत अंगण दणाणून सोडणारा मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षीं एकाएकीं भिंतीकडे तोंड करून पडून राहूं लागतो. हांक मारली तर धड उत्तर देत नाहीं. वडील मंडळी निकाल देतात, "आळशी झाला!" हा निकाल घाईचा आहे.

मन उदास असलें म्हणजे देह हालत नाहीं, आणि देह हालला नाहीं म्हणजे मन अधिकच खिन्न होतें. यांत आधीं कोणतें? आमच्या शास्त्रकारांनीं अशाच प्रसंगीं बीजांकुरन्याय सांगितला आहे. बीजापासून अंकुर, अंकुरापासून पुनः बीज. तथापि हें चक्र फिरवावयाचें तर देहाकडूनच आरंभ करावा. "आनंदी हो" ही आज्ञा कोणासच पाळतां येत नाहीं; "चल, सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन येऊं" ही पाळतां येते.

व्यायामानें अभ्यास बुडतो, ही भीति जुनीच आहे. लोकमान्य टिळकांचे वडील १८७२ सालीं वारले, तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. मातोश्री त्यापूर्वींच गेल्या होत्या. पुढें डेक्कन कॉलेजांत जातांच त्यांनीं पहिलें वर्ष मुख्यतः कृश देह कमावण्यांत घालविलें. त्या वर्षाची परीक्षा पदरांत पडली नाहीं. परंतु पुढें बी. ए. प्रथम वर्गांत झाले, आणि १९०८ पासूनचा सहा वर्षांचा कारावास त्याच देहानें सोसला.

आजच्या मुलांस वर्ष नको, तास पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ ते १७ वयास दररोज सरासरी ६० मिनिटांचे श्रम सांगितले आहेत. २०१६ च्या आंकड्यांप्रमाणें ११ ते १७ वयाचीं जगांतील शेंकडा ८१ मुलें इतकीं हालत नव्हतीं. मुलींत तें प्रमाण ८५ होतें. म्हणून नातवाबरोबर नातीसही मैदान मोकळें असावें. सोलापूरच्या उन्हाळ्यांत वेळ मात्र पहाटेची किंवा दिवेलागणीची धरावी.

"दंड" शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत: एक तालमींतला, दुसरा शिक्षेचा. घरांत दुसरा येऊं देऊं नये. उठाबशांची शिक्षा भोगलेलें मूल हौसेनें उठाबशा काढीत नाहीं. खेळ त्याच्या आवडीचा असावा व सोबतीस चुलत भावंडें असावींत.

मात्र दोन आठवडे उलटूनही खिन्नता हटत नसेल, अन्न व झोंप तुटली असेल, तर उपदेश थांबवून डॉक्टरांकडे न्यावें. एरवीं वडिलांनीं इतकेंच करावें: मुलास ऊठ म्हणण्यापूर्वीं आपण वहाणा पायांत घालाव्यात.