लाल पाण्यापेक्षा नितळ पाण्याची काळजी करा

गेल्या आठवड्यात एक ताई ओपीडीत आल्या त्या पाण्याची बाटली घेऊनच. लासलगावातलं जुनं घर. बाथरूमचा नळ गळत होता म्हणून प्लंबर बोलावला. त्यानं पाइपचा तुकडा बदलला, नवा नळ बसवला आणि गेला. संध्याकाळी नळ सोडला तर चहासारखं लालसर पाणी! घरातल्या मुलानं त्यातलं पेलाभर पिऊन टाकलं होतं. ‘डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

नाही. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. गंजका खिळा बदनाम झाला, तो खोलवर टोचतो म्हणून. पेलाभर गंजाचं पाणी पोटात गेल्यानं सहसा काही बिघडत नाही. उलटा प्रश्नही काही जण विचारतात, म्हणून सांगतो: असं पाणी पिऊन हिमोग्लोबिनही वाढत नाही. गंजातलं लोह शरीर फारसं शोषूनच घेत नाही.

मग पाणी लाल का झालं? जुन्या जीआय पाइपला आतून जस्ताचा मुलामा असतो. वर्षानुवर्षांत तो झिजतो आणि गंजाचा थर साचतो. काम करताना पाणी बंद होतं, पाइप रिकामा होतो, हवा आत शिरते. वरून पाना लावून पाइप पिरगळला जातो. थर सुटा होतो आणि पाणी जोरात सोडलं की त्याचे कण नळातून बाहेर येतात.

अशा वेळी आधी एवढं पाहा. लाल पाणी एकाच नळाला येतं की सगळ्या? एकाच नळाला असेल तर दोष त्याच फाट्यात. फक्त गरम पाणी लाल असेल तर गीझर तपासा. शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर रस्त्यातल्या जलवाहिनीत काही घडलं आहे. बोअरचं पाणी नळातून नितळ येऊन बादलीत काही वेळानं तांबूस होत असेल, तर ते पाण्यात विरघळलेलं लोह. त्यात प्लंबरचा दोष नाही.

उपाय साधा आहे. गीझर आणि आरओकडे जाणारा कॉक बंद करा. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. मग थंड पाण्याचा नळ हळूहळू पूर्ण उघडा आणि पाणी साफ येईपर्यंत वाहू द्या. दोन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हे जिवावर येतं; पण ते पाणी बादल्यांत धरून संडासाला, अंगणाला, झाडांना वापरता येतं. त्यात पांढरे कपडे भिजवू नका. डाग पडलेच तर ब्लीच वापरू नका, डाग आणखी पक्का होतो. दोन-तीन दिवसांनीही पाणी लालच असेल, तर पाइप बदलायची वेळ झाली आहे.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. ‘पाणी साफ झालं. आता प्यायला हरकत नाही ना?’ माझ्या मते हा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. गंज दिसतो, म्हणून आपण घाबरतो. जंतू दिसत नाहीत, म्हणून निर्धास्त राहतो.

पाइप उघडला की गंजासोबत मातीचे, हातांचे जंतूही आत जाऊ शकतात. घरातल्या कामात हा धोका लहान असतो. रस्ता खोदून जलवाहिनी जोडली जाते तेव्हा मोठा. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची होती आणि हा विषाणू मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो. गरोदर बाईला तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून जलवाहिनीचं काम झाल्यावर दोन-तीन दिवस पिण्याचं पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरतात असं नाही. उकळून जंतू मरतात, गंज जात नाही. म्हणून आधी निवळू द्या, गाळा, मग उकळा. पाणी लाल दिसलं म्हणून विकतचा जार आणणाऱ्यांनीही तो कुठे आणि कसा भरला जातो, हे विचारावं.

पण सगळा भार गृहिणीच्या गॅसवर टाकून चालणार नाही. काम कोणीही करो, आधी दवंडी किंवा मोबाइलवर निरोप, नंतर वाहिनी धुऊन क्लोरिन, आणि शेवटच्या घरातल्या नळावर ओटी टेस्ट, एवढं झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. ही चाचणी मिनिटभराची असते. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरिन आहे. तुमच्या गावच्या जलसुरक्षकाला ती तुमच्या दारात करायला सांगा. पाणीपट्टी भरणाऱ्याचा तो हक्क आहे.

ताईंचा मुलगा ठणठणीत आहे. टाकी शेवटची कधी धुतली, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. तुम्हाला आठवतं?