पेटींतलें रिव्हॉल्वर आणि वारसांचें कर्तव्य

घरांतील कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे वारस फेरफाराच्या नोंदीसाठीं तलाठ्याकडे धांवतात. बांध, विहीर, बांधावरील निंबाचें झाड, यांपैकीं कांहींएक विसरत नाहींत. मात्र वडिलांच्या परवान्यावरील रिव्हॉल्वर माळ्यावरच्या पेटींत वर्षानुवर्षें पडून राहतें. महसुलाच्या कचेरींत कारकुनी करितांना असे प्रकार मीं पाहिले आहेत. म्हणून शेतकरी बंधूंस चार शब्द सांगावेसे वाटतात.

आमच्या पारोळा तालुक्यांतील एका खेड्यांत अशी पेटी वडिलांच्या पश्चात् अकरा वर्षांनीं उघडली. शस्त्र कातडी म्यानांतच होतें. कातड्यानें पावसाळ्यांतील ओल धरून ठेविल्यामुळें त्यावर गंज चढला होता. वडिलांनीं चोपडलेलें खोबरेल थिजून डिंकासारखें झालें होतें व चक्री जागची हालेना. थोरला मुलगा तें गांवच्या लोहाराकडे नेण्यास निघाला. मीं त्यास थांबविलें. कां, तें सांगतों.

परवाना माणसाच्या नांवाचा असतो, घराण्याचा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवानाधारक मयत झाल्यावर वारसांनीं तें शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलें पाहिजे. 'गंजलें आहे, चालत नाहीं' ही सबब उपयोगाची नाहीं; दुरुस्तीनें जें चालूं शकेल तें कायद्याच्या दृष्टीनें शस्त्रच. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्यास कमींत कमी दोन वर्षें कैद सांगितली आहे. शस्त्र दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. म्हणजे बिचारा लोहारही गुन्ह्यांत सांपडावयाचा. ज्या वारसास शस्त्र ठेवावयाचें असेल त्यास २०१६ च्या नियमांप्रमाणें स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो.

पेटींत शस्त्र सांपडल्यास तें भरलेलेंच आहे असें समजावें. चाप ओढून पाहूं नये, अडकलेली चक्री ठोकून फिरवूं नये, मुलांस जवळ येऊं देऊं नये. प्रथम ठाण्यावर वर्दी द्यावी व ते सांगतील त्याप्रमाणें करावें.

परवाना हातीं आल्यावर मग तेलाची गोष्ट. आधीं परवानाधारक कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. नळींत गंजाचे खड्डे किंवा अडथळा आहे काय, चक्रीचें प्रत्येक घर नळीसमोर बिनचूक येऊन थांबतें काय, घोड्याची कमान सैल झाली आहे काय, हें त्यानेंच पाहावें. घर नळीशीं जुळलें नाहीं तर गोळीचें शिसें बाजूस उडून चालविणारास व शेजारच्यास इजा होते. जुनीं काडतुसें मुळींच वापरूं नयेत.

पुढें घरीं निगा राखतांना शस्त्र रिकामें असल्याची दोनदां खात्री करावी. थिजलेलें तेल घासलेटानें मऊ करून पुसावें. राख, वाळू, खरकागद लावूं नये. कोरडें झाल्यावर बंदुकीचें पातळ तेल फडक्यानें पुसल्याइतकेंच लावावें. खोबरेल, तिळाचें, करडईचें तेल वर्ज्य समजावें. तें कालांतरानें चिकटतें. तेल अधिक झालें तर तें काडतुसांत शिरून तीं निकामी करितें. शस्त्र म्यानांत ठेवूं नये, काडतुसें निराळीं ठेवावीं व दोहोंस कुलूप असावें. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां तरी पाहणी करावी. फवारणीचा पंप न धुतां ठेविला तर पुढील हंगामांत काय होतें, हें आपणांस ठाऊकच आहे.

शेवटीं एक प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा: हें आपणांस हवेंच कशाला? रानडुकरें व रोही पिकांत शिरतात म्हणून, असें कोणी म्हणेल. परंतु आंखूड नळीचें रिव्हॉल्वर त्या कामाचें नव्हे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें रानडुकर परवानगीवांचून मारतांही येत नाहीं. केवळ घराण्याच्या प्रतिष्ठेसाठीं ठेवावयाचें असेल तर तें जमा करून मोकळें व्हावें, असें माझें स्पष्ट मत आहे. वडिलांची आठवण त्यांनीं खोदलेल्या विहिरींत अधिक चांगली राहते. जमिनीच्या वारसाचा अर्ज ज्या दिवशीं लिहाल, त्याच दिवशीं माळ्यावरची पेटीही उघडून पाहा, एवढीच विनंती आहे.