साइट राहते, चालवणारा तुरुंगात जातो

‘आमच्याकडे सिनेमा नाहीच, आम्ही नुसती लिंक देतो.’ पायरसीच्या साइट चालवणाऱ्यांचा हा ठरलेला बचाव आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन समजुती असतात: सर्व्हर परदेशात आहे, म्हणून इथले पोलीस काही करू शकत नाहीत, आणि आपण पैसे घेत नाही, म्हणून तो गुन्हा ठरत नाही. सिनेमे, मालिका, पुस्तकांच्या पीडीएफ, क्लासच्या नोट्स फुकट वाटणाऱ्या साइट आणि टेलिग्राम चॅनेल उघडणारी अनेक तरुण मुलं या तीन समजुतींवर विसंबून राहतात. तिन्ही समजुती न्यायालयांनी केव्हाच मोडीत काढल्या आहेत, आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांची नावं जगाला ठाऊक आहेत.

स्वीडनमधल्या ‘द पायरेट बे’चं उदाहरण यात सर्वांत बोलकं. २००३ साली सुरू झालेल्या या साइटवर खरोखरच एकही सिनेमा साठवलेला नव्हता. कोणती फाइल कोणाच्या संगणकावरून मिळेल, याची माहिती देणाऱ्या छोट्या टोरंट फाइल तेवढ्या तिथे असत. बड्या कंपन्यांच्या वकिलांच्या नोटिसा आल्या की चालक त्यांची टिंगल करणारी उत्तरं थेट साइटवर छापत. ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी छापा घालून सर्व्हर उचलले, पण साइट काही दिवसांत पुन्हा सुरू झाली आणि चालकांचा आत्मविश्वास आणखी वाढला.

१७ एप्रिल २००९ रोजी स्टॉकहोमच्या न्यायालयाने चौघांना प्रत्येकी एक वर्षाची कैद आणि सगळ्यांना मिळून तीन कोटी स्वीडिश क्रोनरची भरपाई अशी शिक्षा सुनावली. स्वतः चोरी केली नसली, तरी चोरी करणाऱ्याला जाणूनबुजून साहाय्य केलं, असा ठपका होता. त्या चौघांतले कार्ल लुंडस्ट्रॉम पैसा आणि इंटरनेट-जोडणी पुरवणारे उद्योजक होते. तेही सुटले नाहीत. अपिलात तिघांची कैद कमी झाली, पण भरपाई ४ कोटी ६० लाख क्रोनरवर गेली. त्यानंतर लुंडस्ट्रॉम सोडून बाकीच्या तिघांची पळापळ झाली. गॉटफ्रिड स्वार्थहोम २०१२ मध्ये कंबोडियात सापडला, पीटर सुंदे मे २०१४ मध्ये स्वीडनमध्येच, आणि फ्रेडरिक नाय त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थायलंड-लाओसच्या सीमेवर. ‘द पायरेट बे’ या नावाची साइट मात्र पुढेही चालूच राहिली. बंदी, छापे, डोमेनची अदलाबदल हे सगळं साइट पचवते. माणसाला मात्र एकच नाव आणि एकच पासपोर्ट असतो.

चालक सापडतो कसा, हे ‘किकअॅस टोरंट्स’ या दुसऱ्या टोरंट साइटच्या प्रकरणात दिसलं. अमेरिकी तपासयंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने जाहिरातदार असल्याची बतावणी करून साइटशी संपर्क साधला. दिवसाला ३०० डॉलर असा दर ठरला आणि पैसे भरण्यासाठी लॅटव्हियातल्या एका बँक खात्याचा क्रमांक मिळाला. पैशाचा माग तिथून सुरू झाला. दुसरा धागा आणखी साधा होता. साइटच्या फेसबुक पानावर ज्या आयपी पत्त्यावरून कोणी तरी लॉगिन केलं होतं, त्याच पत्त्यावरून अॅपलच्या दुकानात रीतसर पैसे मोजून खरेदीही झाली होती. जुलै २०१६ मध्ये आर्तेम वाउलिन या युक्रेनियन तरुणाला पोलंडमध्ये अटक झाली. अमेरिकेत खटला उभा राहण्याआधीच त्याचे कित्येक महिने कोठडीत गेले, आणि मूळ साइट बंद पडली.

आता आपल्याकडचा कायदा. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ६३ मध्ये हक्काचा जाणूनबुजून भंग करणाऱ्यालाच नव्हे, तर त्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी केलं नसेल, तर विशेष कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. फुकट वाटणाऱ्याने हे नीट वाचावं: शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी स्पष्ट केलं. याचा सरळ अर्थ असा, की पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्क म्हणून मागता येत नाही. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. सिनेमाच्या बाबतीत २०२३ची सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती दंडाबाबत आणखी कडक आहे: किमान तीन महिने कैद, किमान तीन लाख रुपये दंड, आणि दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्के. पाच कोटींच्या मराठी चित्रपटासाठी ही रक्कम २५ लाख होते.

परदेशातल्या सर्व्हरचा आडोसाही उरलेला नाही. आपल्या वर्गांचं साहित्य टेलिग्रामवर वाटलं जात असल्याची तक्रार स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणाऱ्या नीतू सिंग यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केली. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत आणि तिथला कायदा माहिती द्यायला मनाई करतो, असा टेलिग्रामचा युक्तिवाद होता. ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि काही महिन्यांत चॅनेलच्या अॅडमिनची नावं, फोन क्रमांक, आयपी पत्ते न्यायालयात सादर झाले. टोपणनावाने चॅनेल चालवणाऱ्या, एमपीएससीच्या नोट्स आणि मराठी कादंबऱ्यांच्या पीडीएफ टाकणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

यावर एक प्रतिवाद नेहमी होतो आणि तो पूर्ण खोटा नाही. मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, जुनी पुस्तकं वर्षानुवर्षं छापली जात नाहीत, परगावी आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला हवं ते पैसे देऊनही सापडत नाही. प्रकाशक आणि निर्मात्यांनी ही तक्रार मनावर घ्यायलाच हवी. रीतसर, स्वस्त आणि सहज मिळणारी प्रत हा पायरसीवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पण या साइट समाजसेवा म्हणून चालत नाहीत. त्यांच्या पानापानावर सट्ट्याच्या जाहिराती झळकतात, आणि तो पैसा ना लेखकाला मिळतो, ना संकलकाला, ना मुद्रितशोधकाला. मराठी चित्रपटाचं भवितव्य पहिल्या आठवड्यात ठरतं. त्याच आठवड्यात लिंक फिरली, तर त्या दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट उभाच राहत नाही. हे नुकसान मोठ्या स्टुडिओला सोसतं, छोट्या निर्मात्याला सोसत नाही.

ज्यांना खरोखर वाचनप्रेमापोटी पुस्तकं वाटायची आहेत, त्यांच्यासाठी मोकळी वाट आहे. लेखकाच्या निधनानंतर, त्या वर्षाच्या अखेरीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले; त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. राम गणेश गडकरी, हरी नारायण आपटे यांचं त्याच्याही कितीतरी आधी झालं. वि. स. खांडेकर मात्र १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६च्या अखेरपर्यंत आहे. कोणत्याही पुस्तकाची पीडीएफ चढवण्याआधी लेखकाच्या निधनाची ही एक तारीख तपासावी. हक्क शिल्लक असेल, तर प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागावी. आणि परवानगीशिवाय चाललेलं चॅनेल किंवा साइट आधीच हातात असेल, तर नोटिशीची वाट न पाहता ती आजच बंद करावी.