शेंदूर नसलेले दगड

मी पंचवटीतला. रामकुंडापासून सीतागुंफेपर्यंत कुठल्याही दगडापाशी थांबा, गोष्ट सांगायला कुणीतरी पुढे येतंच.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलो होतो. रविवारी काटोल रोडजवळच्या जुनापाणीला गेलो. माळावर मोठाले धोंडे गोल मांडलेले. अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले छोटे खळगे. ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या माणसांची दफनं. विदर्भात अशी ठिकाणं अनेक आहेत. माहुरझरीला माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे हे लोक कारागीर होते, घोडे पाळणारे होते.

आणि त्या माळावर मी एकटा! आमच्या ऑफिसातली पोरं लंडनला गेली की स्टोनहेंजची स्टोरी टाकतात. जुनापाणी त्यांनी ऐकलेलंही नाही.

आपल्या इतिहासप्रेमाला देव लागतो, नाहीतर राजा. या लोकांचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. त्यांची जयंती नाही, मोर्चा नाही, त्यामुळे मतंही नाहीत.

'संरक्षित स्मारक आहे की,' असं कुणी म्हणेल. कायदा फार तर बोर्ड लावतो, कुंपण घालतो. ते दगड आपले वाटायला हवेत, ते काम कायद्याचं नाही.

उद्या एखाद्या धोंड्याला शेंदूर फासला, तर वर्षभरात रस्ता होईल, सभामंडप होईल, गर्दीही होईल. फक्त खालचा माणूस दुसऱ्यांदा पुरला जाईल.