फेब्रुवारीतील पेरणी : थंडी किती उरली?



दोहातील दुकानांत मिळणाऱ्या बियाण्यांच्या अनेक पाकिटांमागे 'वसंताच्या आरंभी पेरावे' अशी सूचना असते. ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते तेथे ती योग्यच आहे. माती कुदळीला लागू लागली की तेथील माणूस मटार, मुळा, कोबी पेरतो, कारण त्याच्यापुढे थंड दिवसांची दोन-तीन महिन्यांची शिदोरी असते. फरीज बिन ओमरानमध्ये मात्र वसंताचा आरंभ म्हणजे थंडीचा शेवट. जानेवारीच्या रात्री येथे पारा 13-14 अंशांपर्यंत उतरतो. फेब्रुवारीच्या दुपारी तो 23-24 अंशांवर, मार्चमध्ये 27-28 वर, एप्रिलमध्ये 32-33 वर जातो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो. पाकिटावरचा वसंत आणि आपल्या गच्चीवरचा वसंत हे एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

हे आम्ही शिकलो ते नुकसान सोसून. दोन वर्षांपूर्वी पाकिटावर विश्वास ठेवून 10 मार्चला मटार, फ्लॉवर आणि लेट्यूस लावले. लेट्यूसचे बी उगवलेच नाही. माती 30 अंशांच्या आसपास तापली की ते बी निजून राहते, हे आम्हांस नंतर समजले. मटाराला फुले आली आणि गळून गेली. फ्लॉवरला हातभर पाने आली, गड्डा काही धरला नाही.

परभणी जिल्ह्यातील आमच्या आजीला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने तारीख विचारली नाही. "तिकडं थंडी किती राहिली होती?" एवढेच विचारले. मग म्हणाली, "हस्त सरला की पेरावं अन् शिमग्याला रान मोकळं करावं. शिमग्याला पेरतं का कुणी?"

येथे नक्षत्र म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरअखेरपासून साधारण 10 ऑक्टोबरपर्यंत असतो, एवढाच त्याचा अर्थ. मुहूर्त सांगणाऱ्याचे पंचांग वेगळे आणि रानात राबणाऱ्याची दिनदर्शिका वेगळी. आजीचा हिशेब दोहालाही चपखल लागू पडतो. येथील अल बिद्दा पार्कमध्ये जे आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरले होते, ते 2 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू होऊन 28 मार्च 2024 रोजी संपले. म्हणजे हस्तात आरंभ आणि शिमग्याला समाप्ती.

तेव्हा फेब्रुवारीत पेरताना आम्ही आता उलट मोजतो. दुपारचे तापमान 30 अंशांवर स्थिरावण्यापूर्वीचा शेवटचा दिवस म्हणून 31 मार्च धरावा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हाती सुमारे 55 दिवस उरतात, आणि त्यांत जे बसते तेच पेरावे. मेथी 25 ते 30 दिवसांत काढणीस येते, म्हणून ती महिनाअखेरपर्यंत पेरता येते. कसुरी मेथीला अधिक काळ आणि अधिक थंडी लागते, तिचा मोह टाळावा. पालकाला 35 ते 40 दिवस पुरतात. आपला देशी पालक हा बीटाच्या कुळातला आहे आणि पाकिटावरच्या विलायती पालकापेक्षा तो उष्णता बरी सोसतो. बी घेताना ही चूक फार जणांकडून होते. कोथिंबिरीला 40 ते 45 दिवस लागतात. धने रगडून दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मातीत घालावेत, कारण उशीर झाला की ती पाने न देता सरळ फुलावर जाते. मुळ्यात 'पुसा चेतकी' हा वाण उन्हाळ्यासाठीच आहे, त्याला मार्चमध्येही भय नाही. गाजर, मटार, फ्लॉवर आता ऑक्टोबरपर्यंत विसरावेत. अल मझरूआच्या हिवाळी बाजारात स्थानिक शेतांतला ताजा फ्लॉवर मिळतो, तो आणावा.

चुक्याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. आंबट चुका ही आपल्याकडे गरिबाघरची भाजी. कतारमध्ये वर्षाला जेमतेम 75-80 मिलिमीटर पाऊस पडतो, पण हिवाळ्यात चार थेंब पडले की वाळवंटात हीच वनस्पती आपोआप उगवते. अरब तिला हुमैद म्हणतात आणि आवडीने खातात. आजीला हे सांगितले तेव्हा तिला आमच्या नोकरीपेक्षा या बातमीचे अप्रूप अधिक वाटले.

कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या नसाव्यात. त्यांतील माती हवेपेक्षा अधिक तापते. पाण्याच्या टाकीची दुपारची सावली आणि शमाल वाऱ्याला आडोसा, एवढे मिळाले की जागा पुरेशी. रस्त्याकडेची वाळू आणू नये, तिच्यात क्षार असतात. बाबासाहेबांनी 1918 मध्ये लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना शेताचे लहान-मोठेपण केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या इतर साधनांच्या प्रमाणावर ठरते, असे दाखवून दिले होते. आठ कुंड्यांना एवढा मोठा आधार देणे अंमळ धाडसाचे आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

आजीने चाळीस वर्षे इतरांच्या रानात मजुरी केली. मूठभर माती दाबून ती वाफसा सांगते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. दुसऱ्या वेळी तिचे वडील तुरुंगात गेले होते. जमीन मात्र मिळाली नाही. पेरणीचे एवढे ज्ञान असलेल्या या बाईने स्वतःसाठी एकदाही पेरलेले नाही, आणि ज्या रानात ती मेथी खुडत असे तेथील जुडीही तिला विकतच घ्यावी लागे.

या वर्षी व्हिडिओवर तिला गच्ची दाखवली. तिने कुंड्या मोजल्या आणि विचारले, "जागा कुणाची?"

"घरमालकाची."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग इचारून पेरा."

आम्ही विचारले. खालच्या मजल्याच्या छतात पाणी झिरपू नये, या अटीवर होकार मिळाला. प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवली आहे. येत्या शुक्रवारी सकाळी मेथी, पालक आणि चुका पेरणार आहोत. फोन आधी आजीला लावायचा आहे.